चोराच्या पसंतीचं घड्याळ

चोरानं माझं घड्याळ मला परत दिलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मंगळवारची दुपार होती, साडेतीनचा सुमार. बेकरीच्या काउंटरवर उभ्यानं कॉफी घेऊन मी घराकडे निघालो होतो. पाठीवर डिलिव्हरीचा चौकोनी डबा अडकवलेला एक मोटरसायकलवाला फुटपाथला खेटून थांबला, हेल्मेटची काच वर केली आणि माझ्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाला, "काढा काका." त्याचा दुसरा हात जॅकेटच्या खिशात होता. आत पिस्तूल होतं की केळं, हे विचारायची ती वेळ नव्हती. साओ पाउलोत चोराशी वाद घालायचा नाही, हे आम्ही बोलायला लागायच्या आधी शिकतो. मी मुकाट्यानं घड्याळ काढून दिलं. त्यानं ते कानाशी नेलं, तळहातावर झेलून बघितलं, काच उजेडाकडे तिरकी धरली आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"तारखेचा आकडा जाड आहे," तो म्हणाला. "सेकंदाचा काटा लंगडतो. वजनाच्या नावानं तर बोंबच. या वयात हे शोभत नाही, काका."

आणि गेला. फोनसुद्धा मागितला नाही. ज्याच्याकडे असलं घड्याळ, त्याचा फोन काय असणार, असा हिशेब त्यानं केला असावा. मला लुटलं असतं तर मी घरी जाऊन धक्का उतरायला साखरपाणी घेतलं असतं आणि चार लोकांनी हळहळ केली असती. पण चोरानं नापास केलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे कुणालाच माहीत नसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी नकली घड्याळांचा शौकीन आहे. माझ्याकडे एकतीस आहेत. बाजारातल्या गल्लीतून आणायची, उघडायची, साफ करायची, मूळ बनवणाऱ्यानं जिथे आळस केला असेल तिथे सुधारायची. मी नगरपालिकेत तेहतीस वर्षं नकाशांच्या नकला काढल्या. अस्सल नकाशा कपाटात राहतो आणि शहर चालतं नकलेवर, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तेव्हा नकलेबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. मात्र माझी काही तत्त्वं आहेत. मी विकत नाही. अस्सल आहे असं कुणाला सांगत नाही. आणि घड्याळ घरी आलं की त्याच्यावरचा खोटा अनुक्रमांक सगळ्यात आधी घासून काढतो. एवढं करून कुणाला ते अस्सल वाटलं, तर तो त्याच्या डोळ्यांचा प्रश्न.

घरी आल्यावर मार्लूसियाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. तिनं आधी मला नीट चाचपून बघितलं, मग देवाचे आभार मानले आणि मग जे हसायला लागली ती जेवणापर्यंत. म्हणाली, "तीस वर्षं मी हेच सांगतेय, तर मला काही कळत नाही. आता चोरानं सांगितलं तर तोंड बघ कसं झालंय."

दुसऱ्या दिवशी बेकरीत सगळ्यांना माहीत होतं. बेकरीवाल्या बाईंनी सल्ला दिला की मनगट मोकळंच ठेवा, घड्याळ बघायला त्यांच्या भिंतीवर आहेच. पाचव्या मजल्यावरच्या एकानं सांगितलं की नशीब समजा, नकली निघालं म्हणून त्याच्या मेव्हण्याला चोरांनी चोप दिला होता. सगळ्यांत लांबलचक सल्ला आमच्या इमारतीच्या व्यवस्थापकांचा, सेउ गुमेर्सिंदोंचा. 'सेउ' म्हणजे आमच्याकडचं 'राव'. चाळीस वर्षं त्यांनी नोटरीच्या कचेरीत कागदांवर 'ही प्रत मुळाबरहुकूम आहे' असे शिक्के मारले. शिक्का नसलेली कुठलीही गोष्ट त्यांना अर्धवट वाटते. आपलं लग्नही त्यांना प्रमाणपत्र हातात पडल्यावरच झाल्यासारखं वाटलं, असं त्यांची बायको सांगते. ते म्हणाले, "सेउ एव्हेराल्दो, नकलेत वाईट काही नाही. तुमच्या नकलेमागे कचेरी नाही, एवढंच वाईट आहे."

 मी मनात ठरवून टाकलं. असं घड्याळ करायचं, की तो माणूस ते कानाशी नेईल आणि त्याला बोलायला जागाच उरणार नाही.

चार महिने लागले. पूर्ण वजनाची पोलादी केस, म्हणजे घड्याळाचं कवच, आणली. तारखेची चकती तीन वेळा बदलली, तेव्हा कुठे आकडा बारीक झाला. स्वयंपाकघरातलं टेबल माझ्या ताब्यात गेलं आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. पट्टा अडकवायची स्प्रिंगची काडी चिमट्यातून सुटली की कुठे जाईल याचा नेम नसतो. एक गेली ती दोन दिवस सापडली नाही. शनिवारी सेउ गुमेर्सिंदो आमच्याकडे फेजोआदा खायला आले, तेव्हा काळ्या घेवड्याच्या दुसऱ्याच घासाला ती त्यांच्या दाढेखाली सापडली. दाढेचा कोपरा उडाला. काडी मात्र धडधाकट होती, हे मी बोलून गेलो ते चुकलंच. त्यानंतर लिफ्टची तक्रार केली की ते मला लेखी अर्ज आणा म्हणायला लागले.

आता राहिला सेकंदाचा काटा. बाजारातली यंत्रं काही केल्या लंगडायची थांबेनात. काटा घरंगळल्यासारखा सरकायला हवा, त्याला मुळात चांगलं जुनं स्विस यंत्र लागतं, आणि तसलं यंत्र घरात एकच होतं. माझ्या बाबांचं.

बाबा इथल्याच, मोओकातल्या कापडगिरणीत भोंगा वाजवायचे. पहाटे पाच पन्नासला एकदा आणि सहाला एकदा. पंचवीस वर्षं झाली तेव्हा गिरणीनं त्यांना एक घड्याळ दिलं, आणि पुढे ते त्याच्यावरच भोंगा वाजवत. अख्खी वस्ती त्या घड्याळावर उठायची, हे वस्तीला माहीतही नव्हतं. गिरणी गेली, बाबा गेले, घड्याळाची केस घासून पितळ उघडं पडलं, काचेला तडा गेला. यंत्र मात्र चालू होतं. दर रविवारी मी ते कानाशी धरायचो. का, ते विचारू नका, बरं वाटायचं.

मार्लूसिया म्हणाली, "ते नको घेऊस. ते तुझ्या बाबांचं आहे."

मी म्हटलं, चार दिवसांपुरतं घेतोय. यंत्र केसमध्ये जरा सैल बसत होतं, म्हणून माझी नोकरीतली पितळी मोजपट्टी कापून त्याच्याभोवती कडं केलं. तबकडी चिकटवली, झाकण घट्ट केलं. काटा सरकायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नकाशाखात्यात मला असं कधी झालं नव्हतं.

मग एकोणीस दिवस मी रोज साडेतीनला त्याच फुटपाथवरून बाही वर सारून हिंडलो. बेकरीवाल्या बाईंना वाटलं मला हाताची काही व्याधी आहे. विसाव्या दिवशी तो आला. तोच डबा, तेच हेल्मेट. मी त्यानं सांगायच्या आधीच पट्टा सोडला. त्यानं घड्याळ झेलून बघितलं. काच तिरकी केली. कानाशी नेलं आणि तसाच थांबला, फार वेळ थांबला. मग एक शब्द न बोलता ते आतल्या खिशात ठेवून निघून गेला.

दहा सेकंद मी आयुष्यात सर्वांत सुखी होतो. अकराव्या सेकंदाला कळलं, की बाबांचं यंत्रही गेलं. घड्याळ चांगलं झालंय हे चोर एकाच रीतीनं सांगू शकतो, आणि ती रीत म्हणजे ते घेऊन जाणं, हे मला चार महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. हे कसं सुचलं नाही असं मला अजूनही लोक विचारतात. मी त्या मोटरसायकलमागे दोन चौक धावलो. सत्तरीला आलेला माणूस चोरामागे 'बाबांचं आहे' असं ओरडत धावतो, हे बघून एका बाईनं मला बाकावर बसवून पाणी पाजलं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्यानं पहिलाच प्रश्न विचारला, घड्याळ अस्सल की नकली. अस्सल असेल तर पावती जोडा. नकली असेल तर, तो पेन खाली ठेवून म्हणाला, नकली माल सापडला तरी परत मिळत नाही, तो नष्ट करतात. मी म्हटलं, बाहेरून एक आहे, आतून एक आहे. अर्जात तसा रकाना नव्हता. त्यानं 'परदेशी बनावटीचे' असं लिहून विषय मिटवला.

 मार्लूसियानं बाबांची रिकामी केस खणातून काढून पुसली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवली. मी कपबशी ठेवायचो तिथेच ती तीन आठवडे होती. मी कॉफी ओट्याशी उभ्यानं घ्यायला लागलो.

मग एका बुधवारी ठाण्यातून फोन आला. चोर सापडला. चाळीस घड्याळांचा खोका मिळाला. गुरुवारी दहा वाजता ओळख पटवायला या. फोनवरच्या माणसानं जाता जाता सांगितलं की उशीर करू नका, शुक्रवारी सकाळी सगळा नकली माल रोडरोलरखाली जाणार आहे, टीव्हीवाले येणार आहेत.

सेउ गुमेर्सिंदो दाढेचं विसरून स्वतःहून बरोबर निघाले. माझ्या ओळखपत्राच्या, घराच्या वीजबिलाच्या आणि बाबांच्या गिरणीतल्या फोटोच्या प्रती काढून त्यांनी त्यांच्यावर जुन्या कचेरीतून शिक्के मारून आणले होते. फोटोत बाबा भोंग्याच्या साखळीशी उभे होते आणि मनगटावर ते घड्याळ मसुरीएवढं दिसत होतं. शिक्का मात्र बाबांच्या तोंडावर पडला होता.

ठाण्यातल्या टेबलावर खोका होता, प्रत्येक घड्याळ वेगळ्या पिशवीत. एक पिशवी रिकामी होती, कारण तिच्यातलं घड्याळ, म्हणजे माझंच, एका जाडजूड गृहस्थाच्या मनगटावर गेलं होतं. ते दातांचे डॉक्टर ओताव्हियो. मी ज्याची नक्कल केली होती तेच अस्सल घड्याळ त्यांचंही त्याच आठवड्यात चोरीला गेलं होतं, आणि पावती त्यांच्या हातात होती. टेबलामागे ठाण्याच्या प्रमुख बसल्या होत्या, डॉक्टर सोलांज. आमच्याकडे पोलीस अधिकाऱ्यालाही डॉक्टरच म्हणतात. खोलीत दोन डॉक्टर होते आणि धडधड माझ्या छातीत होत होती.

"हेच माझं," ओताव्हियो मनगट फिरवत म्हणत होते. "हातात घातलं आणि ओळख पटली. वजन बघा. काटा बघा."

सोलांजबाईंनी अनुक्रमांक ताडून बघायला घड्याळ काढून घेऊन उलटं केलं, तर तिथे गुळगुळीत पोलाद. नंबर चोरांनी घासला, ओताव्हियो म्हणाले. तो मी घासला होता, माझ्या तत्त्वापायी. तत्त्वं अशी कुठल्या कुठे येऊन नडतात.

खात्री करायला त्यांनी आतून चोराला आणवलं. त्याचं नाव जुरांदिर. हेल्मेटशिवाय तो चाळिशी उलटलेला, थकलेला, शाळेतल्या शिपायासारखा दिसत होता. हातात बेड्या. हे घड्याळ कुणाकडून घेतलं, असं विचारल्यावर म्हणाला, मी चेहरे बघत नाही, मनगटं बघतो. घड्याळ अस्सल का, असं विचारल्यावर मात्र त्याची मान ताठ झाली.

"बावीस वर्षं झाली या धंद्यात. नकलीला मी हात लावत नाही. बाकीच्या एकोणचाळिसांत एखादं निघालं तर ते माझ्या साथीदारानं आणलेलं. हे अस्सल."

माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि तेही सरकारी कागदावर. सोलांजबाई लिहून घेत होत्या. ओताव्हियो पट्टा घट्ट करत होते. आणखी दोन मिनिटं मी गप्प बसलो असतो, तर बाबांचं यंत्र एका दाताच्या डॉक्टरच्या मनगटावर बसून निघून गेलं असतं, आणि मी जगातला सर्वांत यशस्वी नकलाकार म्हणून घरी गेलो असतो.

"ते नकली आहे," मी म्हणालो. "मी स्वयंपाकघरात केलंय."

 सेउ गुमेर्सिंदोंनी माझ्या कोपराला धरलं. त्यांना वाटलं मला उन्हाची चक्कर आली.

"शक्य नाही," जुरांदिर म्हणाला. त्याला खरंच लागलं होतं.

सोलांजबाईंनी पेन ठेवलं. म्हणाल्या, "नीट विचार करून बोला. नकली असेल तर मी ते यांना देणार नाही आणि तुम्हांलाही देणार नाही. ते उद्या रोलरखाली जाईल."

मी म्हटलं, केस घेऊन जा, तबकडी घेऊन जा, काच, काटे, सगळं जाऊ दे. आतलं यंत्र माझ्या बाबांचं आहे, तेवढं नकली नाही. उघडायच्या आधीच सांगतो, आत काय आहे ते. राखाडी यंत्र आहे आणि त्याच्याभोवती पितळी मोजपट्टीचं कडं आहे. पट्टीवरच्या सेंटिमीटरच्या रेघा शाबूत आहेत. चौदा, पंधरा आणि सोळा.

ओताव्हियोंनी हरकत घेतली. उघडताना बिघडलं तर जबाबदार कोण, आणि हा माणूस कोण, घड्याळजी की वेडा. सोलांजबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दहा मिनिटं," त्या म्हणाल्या आणि ओताव्हियोंना घड्याळ काढून द्यायला लावलं.

मी खिशातून रबरी चेंडू काढला. लहान मुलांचा, लाल. झाकण फिरवायला तो सर्वांत चांगला, पण हे माहीत नसलेल्या माणसांसमोर पोलीस ठाण्यात चेंडू काढला की आपली बाजू पडते. चेंडू झाकणावर दाबून फिरवला. झाकण हललं नाही. मीच ते जीव खाऊन घट्ट केलं होतं. दुसऱ्यांदाही हललं नाही. तळहाताला घाम सुटला होता आणि चेंडू घसरत होता. बाबांच्या फोटोच्या प्रतीच्या कागदानं तो पुसला तेव्हा सेउ गुमेर्सिंदो कण्हले, कारण तो कागद मुळाबरहुकूम होता. तिसऱ्यांदा झाकण सुटलं.

चौदा, पंधरा, सोळा. सोळाचा आकडा अर्धा कापला गेला होता, एवढंच. ओताव्हियोंनी आपला हात टेबलावरून मागे घेतला आणि पावतीची घडी घालायला लागले.

खरं काम पुढे होतं. यंत्र बाहेर काढायला चावीची काडी सोडवायची तर त्याच्यावरचा एक सूक्ष्म ठिपका टोकानं दाबावा लागतो. जास्त दाबला की आतला खटका निसटतो आणि मग घरी चार तासांचं काम, ठाण्यात तर अशक्य. टोकदार काही जवळ नव्हतं. सोलांजबाईंनी कानातलं काढून दिलं.  टोक ठिपक्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. पाच मिनिटं गेली होती. बेड्यांचा आवाज झाला आणि जुरांदिर माझ्या खांद्याशी वाकून हळूच म्हणाला, "श्वास सोडा, काका."

मी श्वास सोडला. काडी सुटली.

तबकडी सोलली, काटे तिच्याबरोबरच गेले. यंत्र पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ठेवलं. ते चालू होतं. एवढ्या भानगडीत ते एकदाही थांबलं नव्हतं. मी ते कानाशी नेलं, आणि मग मला बाकीच्यांसमोर रडू आलं. त्याची लाज वाटली नाही.

चार महिन्यांचं माझं काम पिशवीत गेलं. 'हे घड्याळ मी केलेली नक्कल आहे' असं लिहून सही करावी लागली. सेउ गुमेर्सिंदोंनी त्याची प्रत मागून घेतली आणि परतताना वाटेतच तिच्यावर शिक्का मारून आणला. माझ्या कारागिरीला मिळालेलं हे एकमेव प्रमाणपत्र. ते त्यांनी चौकटीत बसवून मला दिलं, आणि लिफ्टच्या तक्रारी पुन्हा तोंडी घ्यायला लागले.

पण ठाण्यातून निघण्याआधीचं सांगायचं राहिलं. जुरांदिरला आत नेत होते. दारापाशी तो अडला आणि वळून त्यानं विचारलं, "काका, ते आतलं ज्यांचं, ते तुमचे बाबा काय करायचे?"

मी सांगितलं, गिरणीचा भोंगा वाजवायचे. इतक्या वर्षांत एकदाही मागेपुढे नाही.

त्यानं टेबलावरच्या बाटलीच्या झाकणाकडे, आतल्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणाला, "मग मी चुकलो नव्हतो. वजन बघितलं, काच बघितली, पण घेतलं ते आवाज ऐकून."

शिपायानं त्याला ओढून नेलं. मी ते झाकण दोन्ही हातांत धरून बसनं घरी आलो. मार्लूसियानं टेबल पुसून ठेवलं होतं आणि मधोमध बाबांची केस, तबकडी आणि काटे होते. यंत्र त्यात बसवताना कड्याची गरज लागली नाही.

आता ते घड्याळ माझ्या हातात असतं. काचेला तडा आहे, पितळ दिसतं, आणि मी रोज साडेतीनला त्याच फुटपाथवरून जातो. ते चोरायच्या लायकीचं आहे असं वाटणारा या शहरात एकच माणूस आहे, आणि तो सध्या आत आहे.